मोटारीचा इंधनखर्च : वहीतला आणि कागदावरचा

(द्वितीय वर्ष कला)

कला शाखेच्या विद्यार्थ्याने मोटारीच्या पेट्रोलावर लेख लिहावा, हे काही वाचकांना चमत्कारिक वाटेल. माझा विषय अर्थशास्त्र आहे आणि मोटार आमच्या घरात नाही. ती आमच्या घराला फक्त चालवावी लागते. माझे वडील, ज्यांना आम्ही तात्या म्हणतो, साताऱ्यातील एका व्यावसायिकाच्या गाडीवर गेली नऊ वर्षे चालक आहेत. या लेखाचा उगम २०२५ च्या मे महिन्यातील एका संध्याकाळी झाला. त्या दिवशी मालकांनी पेट्रोलच्या पावत्या पुढे टाकून तात्यांना विचारले, “कंपनी वीस सांगते, तू तेरा सांगतोस. मधलं पेट्रोल कुणाच्या टाकीत जातं?”

तात्या घरी येऊन जेवले नाहीत. चोरीचा आळ सरळ शब्दांत आला असता तर त्याला उत्तर देता आले असते. हा आळ भागाकाराच्या रूपात आला होता आणि आमच्या घरात भागाकार करणारा मीच. म्हणून हा हिशेब.

गाडी मारुती सुझुकीची सियाझ, २०२१ सालची, पेट्रोलची, हाताने गिअर टाकण्याची. सियाझ प्रथम ऑक्टोबर २०१४ मध्ये बाजारात आली आणि २०२५ मध्ये कंपनीने ती बंद केली. या गाडीत १४६२ घनसेंटिमीटरचे इंजिन आहे आणि ती ‘माइल्ड हायब्रिड’, म्हणजे सौम्य संकरित, म्हणून ओळखली जाते. कंपनीने जाहीर केलेला आकडा लिटरला २०.६५ किलोमीटर. मालकांचे ‘वीस’ ते हेच.

प्रथम हा आकडा येतो कोठून ते पाहू. तो रस्त्यावर काढलेला नाही. गाडी प्रयोगशाळेत रुळांवर उभी करतात, चाके जागच्या जागी फिरतात, आणि ठरलेल्या वेळापत्रकाप्रमाणे वेग वाढवीत, कमी करीत, मध्येच थांबत सुमारे वीस मिनिटांत दहा-अकरा किलोमीटरची ‘धाव’ पुरी करतात. वेग ९० च्या वर जात नाही. वातानुकूलन बंद असते. जळलेले पेट्रोल मोजतात ते धुरातील कार्बनवरून. पुण्यात वेताळ टेकडीवर ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया ही संस्था आहे. अशा तपासण्या करणाऱ्या आपल्या देशातील संस्थांत ती प्रमुख आहे, आणि तिच्या आद्याक्षरांवरूनच लोक या आकड्याला ‘एआरएआय अ‍ॅव्हरेज’ म्हणतात. हा आकडा खोटा नाही. सर्व गाड्यांना एकाच मापाने मोजून त्यांची आपापसांत तुलना करता यावी, हा त्याचा उद्देश. पण त्या मापात मोती चौक नाही, शाळा सुटण्याची वेळ नाही, मे महिना नाही, आणि मागच्या सीटवरून “एसी वाढव” म्हणणारे कोणी नाही.

आता ‘हायब्रिड’ या शब्दाकडे वळू, कारण मालकांचा अर्धा गैरसमज या शब्दाने झाला होता. गाडीत विजेची मोटर आहे म्हणजे ती थोडी तरी विजेवर चालते, अशी त्यांची समजूत. सौम्य संकरित गाडी विजेवर एक फूटसुद्धा चालत नाही. नेहमीच्या गाडीत बॅटरी चार्ज करणारा जो आल्टरनेटर असतो, त्याच्या जागी येथे पट्ट्याने इंजिनाशी जोडलेले एक यंत्र असते. ते तीन कामे करते. ब्रेक दाबल्यावर थोडी वीज साठवते, वेग घेताना इंजिनाला थोडा हात लावते, आणि गाडी थांबल्यावर बंद झालेले इंजिन चटकन पुन्हा सुरू करते. साठवणीसाठी नेहमीच्या बॅटरीबरोबर एक लहान लिथियम-आयन बॅटरी असते. पूर्ण संकरित गाडी वेगळी. २०२२ मध्ये आलेली होंडा सिटीची तशी गाडी काही अंतर खरोखरच विजेवर जाते, आणि तिचा त्या वेळचा जाहीर आकडा २६.५ होता.

सौम्य संकराने किती फायदा होतो याचा चांगला दाखला सियाझच्याच डिझेल गाडीत मिळतो. तिचा जाहीर आकडा आधी २६.२१ होता. सप्टेंबर २०१५ मध्ये तिला ही यंत्रणा बसविल्यावर तो २८.०९ झाला. म्हणजे प्रयोगशाळेतही बचत जेमतेम सात टक्के. केंद्र सरकारने एप्रिल २०१५ पासून विजेच्या व संकरित वाहनांसाठी जी सवलत योजना सुरू केली, तिच्यात सौम्य संकरित गाड्याही होत्या. १ एप्रिल २०१७ पासून त्यांना वगळण्यात आले. वरचे दोन आकडे पाहिले की मला त्या निर्णयाचे फारसे आश्चर्य वाटत नाही.

ब्रेकमध्ये वाया जाणारी शक्ती किती असते हे मी नववीच्या विज्ञानातील सूत्राने काढून पाहिले. गाडी व दोन माणसे मिळून १२०० किलो धरू. ताशी ४० किलोमीटर वेगाला गतिज ऊर्जा सुमारे ७४,००० ज्यूल येते. एक लिटर पेट्रोलमध्ये सुमारे ३ कोटी २० लक्ष ज्यूल असतात. त्यातील पाव भाग चाकांपर्यंत पोहोचतो असे धरले, तर हा वेग मिळवायला ९ मिलिलीटरांहून थोडे अधिक पेट्रोल लागते. आम्ही नोंदी केल्या तेव्हा पेट्रोलचा भाव लिटरला १०४ रुपयांच्या आसपास होता. म्हणजे चाळीसच्या वेगात असताना कोणी आडवे आले आणि गाडी पूर्ण थांबवावी लागली, की जवळजवळ एक रुपया ब्रेकमध्ये तापून गेला. छोटी मोटर त्यातील थोडाच भाग परत मिळविते. हे गणित मी तात्यांना सांगितले तेव्हा ते म्हणाले, “मग राजवाड्यापर्यंत मी पंचवीस रुपये उधळतो म्हण की.”

आता मोजमाप. मालकांनी केले होते ते असे, की महिन्याच्या पावत्यांचे लिटर घ्यायचे आणि महिन्याच्या किलोमीटरांना त्यांनी भागायचे. महिना सुरू होताना व संपताना टाकीत किती होते याचा त्यात पत्ताच नाही. सियाझची टाकी ४३ लिटरची. एवढ्या टाकीत एका महिन्याची चूक सहज दहा-वीस लिटरची होऊ शकते. योग्य रीत अशी : एकाच पंपावर, नोझल पहिल्यांदा खट्कन बंद होईपर्यंत टाकी भरायची, किलोमीटरचा काटा शून्यावर आणायचा, गाडी चालवायची, आणि पुन्हा तेथेच तशीच भरायची. दुसऱ्या वेळी जितके पेट्रोल बसले तितके जळले. यातही अर्ध्या लिटरचा फरक पडतोच. म्हणून दहा लिटर जळल्यावर मोजू नये, पंचवीस-तीस लिटर जळू द्यावे. म्हणजे चूक पाच टक्क्यांवरून दोन टक्क्यांच्या आत येते.

दुसरी चूक आमच्या वर्गातील हुशार मुलेही करतात. मी स्वतः केली आणि सरांनी दाखवून दिली. गावात लिटरला १२ आणि महामार्गावर १८ पडले, आणि दोन्हीकडे शंभर-शंभर किलोमीटर गाडी चालली, तर सरासरी १५ नव्हे. १०० ला ८.३३ लिटर आणि १०० ला ५.५६ लिटर, मिळून २०० किलोमीटरला १३.८९ लिटर, म्हणून सरासरी १४.४. संख्याशास्त्राच्या पेपरात ज्याला हरात्मक मध्य म्हणतात आणि जो आपण पाच गुणांसाठी पाठ करतो, तो हा.

तात्यांनी मालकांच्या परवानगीने भरणा केला, मी वही धरली. पहिली नोंद फक्त गावातली, मे महिन्यातली, एसी सतत चालू : ३१८ किलोमीटर, २५.४ लिटर, म्हणजे १२.५. दुसरी नोंद पुण्याच्या दोन फेऱ्यांची, खंबाटकी घाट धरून : ४५२ किलोमीटर, २४.६ लिटर, म्हणजे १८.४. गाडी तीच आणि चालकही तोच.

पण वही धरल्यावर आमच्या बाजूचेही एक वैगुण्य बाहेर आले, ते लपविणे योग्य नव्हे. हाताच्या गिअरच्या गाडीत थांबल्यावर इंजिन आपोआप बंद व्हायचे असेल, तर गिअर न्यूट्रल करून क्लचवरून पाय काढावा लागतो. तात्या जुन्या जीपवर शिकलेले. गर्दीत पहिला गिअर टाकून, क्लच दाबून सज्ज उभे राहायचे, ही त्यांची सवय, आणि पुन:पुन्हा सुरू केल्याने पेट्रोल जास्त लागते ही त्यांची श्रद्धा. म्हणजे सौम्य संकराचे सर्वांत उपयोगी काम ते होऊच देत नव्हते. उभ्या इंजिनाला तासाला अर्धा ते पाऊण लिटर सहज लागते, एसी असल्यास अधिक. शिवाय मागच्या दोन टायरांत हवा कमी निघाली. हवा भरली, सवय बदलली. जुलैची गावातली नोंद आली ३३१ किलोमीटर, २३.६ लिटर, म्हणजे १४. मात्र त्या वेळी पाऊस लागला होता व एसी कमी चालत होता, तेव्हा सगळे श्रेय न्यूट्रलला देता येत नाही. कडक उन्हात तर न्यूट्रल करूनही इंजिन फार वेळ बंद राहत नाही, कारण एसीचा कॉम्प्रेसर इंजिनावरच चालतो.

आणखी एक कारण आमच्याच शिवारातले. आता पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते. लिटरमागे इथेनॉलची ऊर्जा पेट्रोलपेक्षा सुमारे एक तृतीयांशाने कमी. नीती आयोगाच्या २०२१ च्या अहवालातच म्हटले होते, की १० टक्के मिश्रणासाठी जुळविलेल्या चारचाकींचे इंधनमान अशा पेट्रोलवर ६ ते ७ टक्के घटेल. आमचे चुलते ऊस लावतात. तो कारखान्यात जातो, आणि त्यातला थोडा मालकांच्या टाकीत येऊन तात्यांचे अ‍ॅव्हरेज खाली आणतो!

आता खर्चाचा संपूर्ण ताळा. गाडी वर्षाला १२,००० किलोमीटर चालते. १३ च्या हिशेबाने पेट्रोल किलोमीटरला ८ रुपये, कागदावरच्या आकड्याने ५ रुपये ४ पैसे. वर्षाचा फरक सुमारे साडेपस्तीस हजार. म्हणजे तात्यांवर त्यांच्या दोन महिन्यांच्या पगाराहून मोठा आळ होता. गाडी सुमारे ११ लाखांना पडली आणि पाच वर्षांनी ६ लाखांना जाईल असे मालकच म्हणतात. तेव्हा घसारा किलोमीटरला ८ रुपये ३३ पैसे, पेट्रोलहून जास्त. विमा वर्षाला २२,००० म्हणजे १ रुपया ८३ पैसे, सर्व्हिसिंग सुमारे ८३ पैसे, टायर सुमारे ५३ पैसे. बेरीज साडेएकोणीस रुपये. यानंतर एक रकाना राहिला. चालकाचा पगार महिना १५,००० रुपये, म्हणजे किलोमीटरला १५ रुपये. पुस्तकात ‘श्रम’ हा उत्पादन-घटक मी अनेकदा वाचला होता. तो रकाना भरताना पेन थोडे थांबले.

एकूण साडेचौतीस रुपयांत पेट्रोल पावभागाहूनही कमी. तरी संशय पेट्रोलवरच येतो, कारण घसाऱ्याची पावती कोणी दर आठवड्याला हातात देत नाही. आणि सौम्य संकराचे ते सात टक्के या गाडीत पूर्ण मिळाले असे मानले, तरी वर्षाची बचत सहा-साडेसहा हजार. वाईट नाही, पण त्यासाठी गाडी घ्यावी असेही नाही.

ऑगस्टमध्ये तात्यांनी वही मालकांपुढे ठेवली. त्यांनी ती उभ्याउभ्या चाळली, बेरजा तपासल्या, “हे कुणी काढलं?” एवढे विचारले, आणि पुढच्या पुण्याच्या फेरीला स्वतः पंपावर उतरून नोझलजवळ उभे राहिले. त्या फेरीची नोंद १८.१ आली. चोरीच्या गोष्टीबद्दल ते पुढे काही बोलले नाहीत. तात्यांनीही विचारले नाही. मला विचारावेसे वाटत होते.

वही आता गाडीच्या कप्प्यात असते. अंक छपाईला जाण्यापूर्वी गावातल्या थंडीच्या दोन नोंदी मिळतील अशी आशा होती, एकच मिळाली. ३०४ किलोमीटर, २०.९ लिटर, म्हणजे साडेचौदा. तिच्याखाली प्रथमच मालकांची सही आहे.