धांव कां मंदावते?

आपल्या क्रीडांगणावर फुटबॉल पायानें खेळतात. अमेरिकेंत त्याच नांवाचा जो खेळ लोकप्रिय आहे, त्यांत चेंडू बहुतेक वेळ हातींच असतो. प्रत्येक बाजूस अकरा गडी असतात. चेंडू ज्या संघाकडे असेल त्यास चार प्रयत्न मिळतात, आणि तेवढ्यांत तो दहा यार्ड पुढें गेला तर आणखी चार मिळतात. पुढें जाण्याचे मुख्य मार्ग दोन: चेंडू दूरच्या गड्याकडे फेंकणें, किंवा तो छातीशीं धरून धांवत सुटणें. या दुसऱ्या मार्गास आम्ही येथें ‘धांवेचा खेळ’ म्हणूं.

एका वर्षीं एखाद्या संघाचा धांवेचा खेळ पाहणाऱ्यांस थक्क करितो, आणि पुढील वर्षीं तोच फिका पडतो. असें कां व्हावें? धांवणारा थकला, त्याचा दम संपला, हें उत्तर तत्काळ सुचतें. कारण चेंडू त्याच्या हातीं असतो व सर्वांचे डोळे त्याच्यावर खिळलेले असतात. परंतु हें उत्तर पुष्कळदां अपुरें असतें, आणि अपुऱ्या उत्तरानें एका मनुष्यावर अन्याय होतो. म्हणून एक घडलेलें उदाहरण तपासून पाहूं.

डॅलस शहराच्या ‘काउबॉइज’ संघांत २०१४ सालीं डिमार्को मरे नांवाचा गडी होता. तो त्या हंगामांत ३९२ वेळां चेंडू घेऊन धांवला व त्यानें १,८४५ यार्ड अंतर कापलें. त्या वर्षीं त्या व्यावसायिक सामन्यांत इतकें अंतर दुसऱ्या कोणींही कापलें नाहीं. संघानें १६ पैकीं १२ सामने जिंकले. पुढील वर्षीं मरे फिलाडेल्फियाच्या ‘ईगल्स’ संघांत गेला. तेथें तो १९३ वेळां धांवला व त्यास केवळ ७०२ यार्ड मिळाले. म्हणजे प्रत्येक धांवेची सरासरी ४.७ वरून ३.६ यार्डांवर आली. इकडे डॅलसची धांवही दर सामन्यास सुमारें १४७ यार्डांवरून ११८ वर उतरली, आणि त्या संघानें चारच सामने जिंकले.

हे आंकडे पाहून कोणीही म्हणेल कीं, मरे संपला, आणि तो गेल्यामुळें डॅलस बुडाला. आतां थोडें खोल जाऊं. डॅलसचे गडी २०१४ सालीं एकंदर ५०८ वेळां धांवले, तर २०१५ सालीं ४०८ वेळां. पण प्रत्येक धांवेस मिळालेलें सरासरी अंतर दोन्ही वर्षीं ४.६ यार्ड इतकेंच होतें! धांवेचा कस उतरला नव्हता. धांवण्याची संधि कमी झाली होती. ती कां? संघाचा मुख्य फेंक करणारा टोनी रोमो याचें गळ्याजवळचें हाड दुसऱ्याच सामन्यांत मोडलें व त्या हंगामांत तो चारच सामने खेळूं शकला. संघ वारंवार मागें पडूं लागला. मागें पडलेल्या संघास वेळ अपुरा असतो, म्हणून त्यास धांव सोडून लांब फेंकीचा आश्रय करावा लागतो.

मरेच्या जागीं मुख्यतः डॅरेन मॅकफॅडन धांवला. त्यानें २३९ वेळांत १,०८९ यार्ड मिळविले. याचें एक मोठें कारण असें कीं, पुढील रांगेंत टायरन स्मिथ, ट्रॅव्हिस फ्रेडरिक व झॅक मार्टिन हे भक्कम गडी पूर्वीप्रमाणेंच उभे होते. प्रतिपक्षास अंगानें रेटून धांवणाऱ्यासाठीं वाट मोकळी करणें हें त्यांचें काम. चेंडू त्यांच्या हातीं टिकत नाहीं, आणि धांवेच्या तक्त्यांत त्यांचें नांवही येत नाहीं.

आणि मरे? फिलाडेल्फियाच्या रांगेंतील दोन अनुभवी गडी त्याच वर्षीं हंगामापूर्वीं संघांतून कमी करण्यांत आले होते. शिवाय डॅलसमध्यें तो बहुधा फेंक करणाऱ्याच्या मागें कांहीं पावलांवर उभा राही व वेग घेऊन सरळ पुढें येई. नव्या संघांत त्यास पुष्कळदां त्याच्या बाजूस उभें राहून आडवी सुरुवात करावी लागे. मागील वर्षाच्या ३९२ धांवांचा शीणही अंगांत असणें शक्य आहे. तथापि २०१६ सालीं टेनेसीच्या ‘टायटन्स’ संघांत जातांच त्यानें १,२८७ यार्ड कापले. जो संपला म्हणून लोक सांगत होते, तो संपला नव्हता.

यावरून चार प्रश्न क्रमानें विचारण्याची संवय आम्हांस लावून घेतां येईल. संधि किती मिळाली? प्रत्येक संधीचें फळ किती? वाट मोकळी करणारे तेच होते काय? खेळण्याची रीत त्या गड्यास मानवणारी होती काय? एवढें झाल्यावरच त्याच्या स्वतःच्या कसुरीकडे वळावें. कसूर कधींच नसते असें आमचें म्हणणें नाहीं; आळसास आळसच म्हटलें पाहिजे, पण तें चौकशीच्या शेवटीं.

पालकांसही आमची हीच विनंति आहे. मुलाच्या प्रगतिपुस्तकांतील एखादा आंकडा घसरला, तर त्यास बोल लावण्यापूर्वीं घरीं अभ्यासास वेळ किती मिळाला, दिवा व जागा होती काय, पूर्वीं शंका सोडविणारें वडील भावंड दूर गेलें काय, हें पाहावें. संत पौलानें मंडळीस शरीराची उपमा दिली आहे. जे अवयव दुर्बळ दिसतात त्यांचीही शरीरास गरज असते, असें तो शिकवितो. पुढील वार्षिक सामन्यांत कोणी विजयी झाला म्हणजे टाळ्या अवश्य वाजवाव्या. मात्र त्याची वाट कोणीं मोकळी केली, हेंही विचारून त्या गड्यांचीं नांवें घ्यावीं.