एका दिवसाने काय बिघडते?

उपासक-उपासिकांनो,

'एका दिवसाने काय बिघडते?' असे म्हणून आपण मुलीला शाळेतून घरी ठेवतो. कधी खुरपणी असते, कधी धाकट्याला सांभाळायचे असते. हिशेब करा. आठवड्याला एक दिवस, म्हणजे 40 आठवड्यांत 40 दिवस! हातच्याची वजाबाकी शिकवली त्या दिवशी ती घरी होती; म्हणून पुढे भागाकार अडतो. ती मागच्या रांगेत बसू लागते आणि एक दिवस स्वतःच म्हणते, 'शाळा नको.' शाळा सोडवायची असे घरात कोणीच ठरवलेले नसते.

धम्मपदाच्या पापवग्गात भगवान बुद्धांनी थेंबाथेंबाने भरणाऱ्या घड्याचा दृष्टांत दिला आहे. तो पापाला लागू आहे, तसाच पुण्यालाही. छोट्या हयगयीविषयी सावध राहणे, हाच अप्रमाद.

1945 साली पीपल्स एज्युकेशन सोसायटी स्थापन करणाऱ्या बाबासाहेबांकडून आपण धम्म घेतला. तेव्हा एवढे करा : शाळा बुडेल त्या तारखेवर कॅलेंडरात खूण करा. रविवारी त्रिशरण-पंचशील झाल्यावर सर्वांनी मिळून त्या खुणा मोजा. घडा कशाने भरतो आहे, ते दिसेल.

जय भीम!