जुन्या घराची निगा

बंगळुरूतील बसवनगुडी हा भाग तेथील नंदीच्या मंदिरावरून ओळखला जातो. 1898 मध्ये शहरात प्लेगची साथ आली. जुन्या पेठेतील दाटीत हवा व उजेड यांचा अभाव होता. त्यामुळे बसवनगुडी आणि मल्लेश्वरम या आखीव वसाहतींकडे लोक वळले. येथे घराभोवती मोकळी जागा सोडलेली असे. अंगण ही त्या काळी हौस नव्हती, ती आरोग्याची गरज होती.

या घरांच्या भिंती विटांच्या व चुन्याच्या, छपरावर बहुधा मंगळुरी कौले किंवा लाकडी तुळयांवर विटा रचून केलेली गच्ची, आणि जमीन लाल, गुळगुळीत. आज अशी अनेक घरे पाडली गेली आहेत. जमिनीची किंमत वाढली, भावंडांत वाटण्या झाल्या, आणि गळक्या छपराचा खर्च कोणी करायचा यावर एकमत झाले नाही. जे घर राखू इच्छितात, त्यांचीही एक चूक वारंवार होते. ओल आलेल्या भिंतीवर ते सिमेंटचा गिलावा चढवतात.

सिमेंट मजबूत, म्हणून ते सर्वत्र चांगले, असा समज आहे. तो खरा नाही. चुन्याच्या भिंतीतील ओलावा बाहेर पडून सुकतो. सिमेंटने ती वाट बंद झाली की पाणी आत कोंडते, वर चढते, लोणा धरतो आणि अखेर गिलाव्यासह विटेचेही पापुद्रे सुटतात. म्हणून आधी पाणी कोठून येते ते शोधावे. फुटलेले कौल, तुंबलेले पन्हाळ, जोत्याला लागून साचलेली माती, यांपैकी काही तरी बहुधा सापडतेच. ते दुरुस्त करून भिंत सुकू द्यावी व मग चुन्याचाच गिलावा करावा. चुना हवेतील कार्बन डायऑक्साइड शोषून सावकाश घट्ट होतो, म्हणून घाई चालत नाही. असे काम जाणणारे गवंडी आता थोडे आहेत, हीच खरी अडचण.

लाल जमिनीला भेग पडली तर ती शक्यतो तशीच ठेवावी. नव्या ठिगळाचा रंग जुन्याशी जुळत नाही. आम्लाने मात्र ती कधीही धुऊ नये.

तुमच्या घराच्या भिंतीत पिंपळाचे रोप उगवले आहे का? वरून कापल्यास ते पुन्हा फुटते. लहान असतानाच मुळासकट काढावे.

अंगणाबाबत आणखी एक गोष्ट. चिखल नको म्हणून सर्व अंगणावर फरशी घातली जाते. मग पावसाचे पाणी जमिनीत न मुरता रस्त्यावर वाहते, आणि परसातील विहीर आटते. बंगळुरूत 2009 मध्ये ठरावीक आकाराच्या घरांना पर्जन्यजल साठवणे वा मुरवणे कायद्याने बंधनकारक झाले. ज्यांनी अंगणाची माती उघडी ठेवली होती, त्यांचे निम्मे काम आधीच झालेले होते.