बर्ड फ्लूची तीव्रता विषाणूच्या लिपीवरून कशी ओळखावी

कोंबड्यांस होणाऱ्या इन्फ्लुएन्झाचे दोन प्रकार मानिले आहेत. सौम्य प्रकारांत पक्षी मलूल होतो, अंडीं घटतात, व बहुधा पक्षी बरा होतो. तीव्र प्रकारांत तुरा निळसर पडतो, डोकें सुजतें, व थोड्याच दिवसांत खुराडींच्या खुराडीं ओस पडतात. प्रारंभीं हा भेद नुसत्या डोळ्यांस दिसत नाहीं. तो विषाणूची जनुकीय लिपि वाचून कसा कळतो, हें येथें पाहावयाचें आहे.

विषाणूची रचना.— या विषाणूची लिपि आर.एन.ए.च्या आठ तुकड्यांत असून तींत सुमारे साडेतेरा हजार अक्षरें असतात. एका तुकड्यावरून हिमॅग्लुटिनिन नांवाचें प्रथिन बनतें. विषाणूनें पेशींत रोग माजवावा यासाठीं हें प्रथिन एका ठराविक जागीं तुटावें लागतें. सौम्य विषाणूंत त्या जागीं बहुधा एकच आर्जिनिन असतें. तेथें तोडणारीं द्रव्यें मुख्यतः श्वासमार्गांत व आंतड्यांत असल्यामुळें रोग तेथेंच अडतो. परंतु त्या जागीं आर्जिनिन व लायसिन यांची रांग लागली, म्हणजे शरीरांत सर्वत्र असणारें फ्युरिन तें काम करतें, आणि विषाणु मेंदु, हृदय इत्यादि सर्व अवयवांत पसरतो. कोंबड्यांतील तीव्र सांथी एच५ व एच७ या जातींच्याच आढळल्या आहेत.

पेनसिल्व्हेनियाचा धडा.— एप्रिल १९८३ मध्यें अमेरिकेंतील पेनसिल्व्हेनिया संस्थानांत एच५एन२ ची सौम्य सांथ आली. ऑक्टोबरांत तोच विषाणु प्राणघातक झाला, आणि सांथ मोडण्यास सुमारे १ कोटी ७० लक्ष पक्षी नष्ट करावे लागले. दोन्ही विषाणूंची लिपि ताडून पाहतां असें दिसलें कीं, घातक रांग एप्रिलच्या विषाणूंतहि होती. मात्र शेजारची शर्करेची सांखळी तिला झांकून होती. एका अमिनो आम्लाच्या बदलानें ती सांखळी गळाली. सारांश, लक्षणें सौम्य म्हणून विषाणु निरुपद्रवी असें समजूं नये.

परीक्षा व तिची मर्यादा.— जुन्या पद्धतींत विषाणु दहा कोंबड्यांच्या शिरेंत टोंचून दहा दिवस निरीक्षण करितात. आतां एच५ किंवा एच७ विषाणूंत पूर्वींच्या तीव्र विषाणूंसारखी रांग आढळल्यास, टोंचलेल्या कोंबड्या वांचल्या तरी तो तीव्रच गणावा, असा जागतिक पशुआरोग्य संघटनेचा नियम आहे. तथापि ही एक जागा सर्व कांहीं सांगत नाहीं. इतर जनुकांचाहि परिणाम होतो, आणि कोंबड्यांस मारणारा विषाणु बदकांत कधीं कधीं लक्षणांवांचून राहतो. म्हणून बदकें धडधाकट दिसलीं तरी तीं कोंबड्यांपासून वेगळीं ठेवावीं.

पाळणाऱ्यांचें कर्तव्य.— भारतांत हा रोग प्रथम फेब्रुवारी २००६ मध्यें नंदुरबार जिल्ह्यांतील नवापूर येथें आढळला. नमुन्यांची तपासणी भोपाळच्या प्रयोगशाळेंत झाली. प्रयोगशाळा कितीहि निष्णात असली तरी नमुना पोंचल्यावांचून ती कांहींच वाचूं शकत नाहीं. खबर दिल्यास सर्व पक्षी मारले जातील, ही भीति खोटी नाहीं. परंतु आजारी पक्षी चोरून विकल्यास तोच प्रसंग शेजाऱ्यांच्याहि दारीं येतो. रोगाची खबर देणें २००९ च्या कायद्यानें बंधनकारक आहे, व सरकारी आज्ञेनें मारलेल्या पक्ष्यांबद्दल भरपाईची योजना आहे. एकाएकीं मरतूक होऊं लागल्यास मेलेले पक्षी ओढ्यांत टाकूं नयेत, जिवंत पक्षी बाजारांत नेऊं नयेत, आणि त्याच दिवशीं पशुवैद्यकीय दवाखान्यास कळवावें.