पापण्यांची निगा

सकाळी उठावे तर डोळे चिकटलेले. पाण्याचा हात फिरवल्याशिवाय पापण्या सुटत नाहीत. पापणीच्या काठाला खाज सुटते, आग होते. डोळ्यांत माती गेल्यासारखे खुपते. केसांच्या मुळाशी बारीक कोंडा दिसतो. मधूनमधून रांजणवाडी उठते. चार दिवस बरे वाटते, की पुन्हा तेच. अशी माणसे प्रत्येक गावात आहेत. तुमच्याही घरात कोणी असेल.

आमच्या वर्गाला एक मावशी येत. वय पन्नाशीच्या पुढचे. बाराखडी पुरी झाली, जोडाक्षरे आली, आणि मग त्या येईनाशा झाल्या. आम्ही निरोप धाडला. तेव्हा म्हणाल्या, "गुरुजी, वाचायला लागले तशी डोळ्यांची आग वाढली. ह्या वयात अक्षरं सोसत नाहीत बघा. घरचे पण म्हणतात, आता पुरे कर."

मंडळी, वाचल्याने डोळे बिघडत नाहीत. मावशींचे दुखणे दहा वर्षांचे जुने होते. वाचायला बसल्यावर ते जास्त जाणवू लागले, एवढेच. आपण टक लावून वाचतो तेव्हा पापण्यांची उघडझाप कमी होते. मग डोळ्यावरचे पाणी सुकते आणि आग होते. शिवाय चाळिशीनंतर जवळचे अंधुक दिसते, त्याला चष्मा लागतो. मावशींना दोन्ही होते.

आता हे दुखणे कशाने होते ते पाहू. पापणीच्या काठावर, केसांच्या मागच्या बाजूला, तेलाच्या बारीक ग्रंथी असतात. वरच्या पापणीत तीसच्या आसपास, खालच्या पापणीत थोड्या कमी. १६६६ साली मायबोम नावाच्या जर्मन वैद्याने त्यांचे वर्णन केले. डॉक्टर लोक अजून त्यांना त्याच्याच नावाने ओळखतात. ह्या ग्रंथींतले तेल डोळ्यावरच्या पाण्यावर पसरते. दुधावर साय धरते ना, तसे. त्यामुळे पाणी लवकर सुकत नाही. काहींचे हे तेल घट्ट होते. थंडीत खोबरेल गोठते, तसेच म्हणा. मग ग्रंथींची तोंडे बुजतात, काठावर घाण साचते, पापणी सुजते. ज्यांच्या डोक्यात फार कोंडा होतो, त्यांना हा त्रास पुष्कळदा असतो.

हे दुखणे एकाचे दुसऱ्याला लागत नाही. डोळे येतात, ती साथ वेगळी. जुनी माणसे प्रत्येक लाल पापणीला खुपऱ्या म्हणतात. पण खुपऱ्या हा निराळा रोग आहे. तो लागतो, आणि पूर्वी त्याने पुष्कळ लोक आंधळे झाले. भारतात तो आता सार्वजनिक आरोग्याचा प्रश्न राहिला नाही, असे जागतिक आरोग्य संघटनेने २०२४ साली जाहीर केले. तेव्हा पापणी लाल आहे म्हणून सुनेचे ताट बाजूला मांडू नका. पोरीचे लग्नही त्यावरून अडवू नका.

खोबरेल गोठले तर आपण बाटली उन्हात ठेवतो. पापणीलाही तशीच ऊब लागते. पाणी उकळून घ्यावे आणि निवू द्यावे. मनगटाच्या आतल्या बाजूला सोसेल एवढेच गरम असावे. स्वच्छ धुतलेला सुती कपडा त्यात बुडवून पिळावा आणि मिटलेल्या डोळ्यांवर धरावा. कपडा दोन मिनिटांत गार होतो. पुन्हा बुडवावा. असे पाच ते दहा मिनिटे करावे. पदराने किंवा खांद्यावरच्या टॉवेलाने हे काम करू नये. मग हात साबणाने धुऊन बोटाने पापणी हलकेच चोळावी. वरची पापणी वरून खाली, खालची खालून वर, म्हणजे दोन्ही वेळा केसांच्या दिशेने. बुबुळावर जोर देऊ नये. नंतर उकळून गार केलेल्या पाण्यात कापसाचा बोळा भिजवून केसांच्या मुळाशी पुसावे. कोंडा फार असेल तर अर्ध्या कप पाण्यात लहान मुलांच्या शांपूचे दोन-तीन थेंब टाकावे. दुसऱ्या डोळ्याला दुसरा बोळा.

सुरुवातीला हे दिवसातून दोनदा. गुण यायला काही आठवडे लागतात. मावशींच्या पापण्यांची लाली दीड महिन्याने उतरली. मग एक वेळ पुरते. पण सोडून चालत नाही. दिवाळीच्या गडबडीत मावशींचा शेक सुटला आणि आठ दिवसांत कोंडा परत हजर! दात रोज घासतो, तसेच हे.

लोकांना मात्र बाटली हवी असते. इथेच घात होतो. आमच्या ओळखीचा एक शेतकरी. दुकानातून त्याने चिठ्ठीशिवाय थेंब आणले. एका दिवसात लाली गेली. मग दर वेळी तीच बाटली, अशी दोन वर्षे. त्या थेंबांत स्टिरॉईड होते. असे थेंब डॉक्टर काही दिवसांपुरते देतात आणि डोळा तपासत राहतात. आपल्या मनाने महिनोन्‌महिने घातले तर काहींच्या डोळ्यांतला दाब वाढतो व काचबिंदू होतो. दुखत नाही, म्हणून कळत नाही. नजर कडेकडेने जाते, आणि गेलेली परत येत नाही. त्या शेतकऱ्याला आज बांधावरून चालताना नातवाचा हात धरावा लागतो.

तुम्हांला आता अक्षर येते, त्याचा इथे उपयोग करा. थेंबांची बाटली उघडाल त्या दिवशी तारीख कागदावर लिहून बाटलीला चिकटवा. साधारण एक महिन्यानंतर ती टाकून द्यावी. शेजाऱ्याची उरलेली बाटली घेऊ नये. मध, लिंबू, अंगावरचे दूध असले काही डोळ्यात घालू नये. त्रास वाढला असेल तोवर काजळ बंद ठेवावे. म्हाताऱ्या आजींना हे पटणार नाही. तरी सांगावे.

डोळा दुखू लागला, बुबुळ लाल झाले, उजेड सोसेना किंवा नजर कमी झाली, तर शेकत बसू नये. त्याच दिवशी तालुक्याचा दवाखाना गाठावा. पापणीचा केस आत वळून टोचत असेल तरीही दाखवावे. आणखी एक. उतारवयात एकाच पापणीवर, त्याच जागी, पुन्हापुन्हा गाठ येते आणि तिथले केस गळतात. तिला रांजणवाडी समजू नये. क्वचित तो कर्करोग असतो आणि लवकर काढला तर बरे होण्याची आशा पुष्कळ असते. जाताना घरातल्या साऱ्या थेंबांच्या बाटल्या पिशवीत घालून न्याव्या, रिकाम्यासुद्धा, म्हणजे आजवर डोळ्यांत काय काय गेले ते डॉक्टरांना वाचता येईल.