बाळंतिणीच्या घरी जाताना

लाखनी

चि. छोटीस अनेक आशीर्वाद.

तू गावची आशा स्वयंसेविका झालीस हे ताईकडून कळले. फार आनंद झाला. दवाखान्यात बाळंत झालेल्या बाईकडे आता तुला 3, 7, 14, 21, 28 आणि 42 व्या दिवशी जावे लागेल. ही घरभेट म्हणजे नुसता फॉर्म भरणे समजू नकोस. आपल्याच झाडीपट्टीतल्या गडचिरोलीत डॉ. अभय आणि राणी बंग यांनी गावातल्या बायांना शिकवून घरोघरी नवजात बाळे सांभाळली. तिसऱ्या वर्षी त्या गावांत नवजात मृत्यू 62 टक्क्यांनी घटले होते. 1999 साली हे जगापुढे आले.

तिसऱ्या दिवसाची भेट अजिबात चुकवू नकोस. छाती दाटलेली, टाके दुखतात, लेकरू रडते, आणि घरात कोणीतरी म्हणते, ‘हिला दूधच पुरत नाही, डबा आणा.’ तिथे भाषण देऊ नको. ‘माझ्यासमोर पाज बरं’ म्हण आणि शांत बसून पाहा. बहुतेक वेळा दूध असते, पण बाळ नुसती बोंडी चोखत असते. बाळाचे पोट आईच्या पोटाला लागलेले हवे, तोंड मोठे उघडलेले, हनुवटी छातीला टेकलेली, खालचा ओठ बाहेर वळलेला. बोंडीभोवतीचा काळा भाग वरून जास्त दिसावा, खालून कमी. मग गिळल्याचा आवाज येतो. तो आईला ऐकव.

बाळाच्या आजीला दुखवू नकोस. मध, साखरपाणी, घुटी तिने मायेनेच दिली होती. सहा महिने पाणीसुद्धा नको, हे तिला पटायला वेळ लागेल. ओल्या लंगोटांचा हिशेब तिच्याकडे दे. आठवड्याच्या बाळाच्या दिवसाला सहा तरी भरले, की दूध पुरते हे ती स्वतःच सांगेल. बाळ सुस्त पडले, ओढेनासे झाले किंवा आईला ताप येऊन छाती लाल झाली, तर थांबू नकोस, लगेच दवाखान्यात ने. डॉक्टरांनी वरचे दूध सांगितले असेल, तर त्या आईला कधी हिणवू नकोस.

आता धानाचे रोवणे लागतील आणि बाळंतिणीला बांधीवर जावे लागेल. हाताने काढलेले दूध स्वच्छ झाकलेल्या भांड्यात चारेक तास टिकते, वाटी-चमच्याने पाजता येते. हे नवऱ्यासमोर आणि सासऱ्यासमोर सांग, कारण बांधीवर तिला कधी धाडायचे ते बहुधा तेच ठरवतात.

तुझी,
मावशी