प्राणिशास्त्राची पदवी आणि पंतप्रधानपद

नीटचा निकाल लागला की पालकांचा एकच प्रश्न असतो: "एमबीबीएसला नंबर लागत नाही, आता नुसतं बीएस्सी करून पुढे काय?" अशा घरांना मी तैवानच्या चेन चिएन-जेन यांच्याबद्दल आवर्जून सांगते. २०१६ ते २०२० या काळात ते तैवानचे उपराष्ट्राध्यक्ष होते आणि जानेवारी २०२३ ते मे २०२४ पंतप्रधान. पदवी मात्र प्राणिशास्त्राची. स्टेथोस्कोप गळ्यात घालून पेशंट तपासणारे डॉक्टर ते नव्हेत.

एक गोष्ट आधीच सांगते. त्यांचे वडील काऊश्युंग परगण्याचे निवडून आलेले प्रमुख होते. त्यामुळे शून्यातून वर आलेल्या मुलाची ही गोष्ट नाही. पण वडिलांची गादी चालवायला चेन राजकारणात उतरले नाहीत. तैवान राष्ट्रीय विद्यापीठात प्राणिशास्त्र, मग तिथेच सार्वजनिक आरोग्यात पदव्युत्तर शिक्षण आणि १९८२ मध्ये अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातून साथरोगशास्त्र आणि मानवी आनुवंशिकी या विषयांत डॉक्टरेट. त्यानंतर ते मायदेशी अध्यापन आणि संशोधनात रमले.

त्यांनी हाती घेतलेला प्रश्न अगदी मातीतला होता. तैवानच्या नैर्ऋत्य किनाऱ्यावरच्या गावांत वरच्या थरातलं पाणी खारट, म्हणून लोकांनी खोल विहिरी खणल्या. त्या पाण्यात आर्सेनिक होतं. माणसांचे पाय काळे पडत, सडत आणि शेवटी कापावे लागत. या रोगाचं नावच 'काळा पाय'. चेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी याच गावांतल्या कर्करोगाकडे लक्ष वळवलं. १९८६ च्या एका अभ्यासात मूत्राशय, फुप्फुस आणि यकृताच्या कर्करोगाने गेलेल्यांच्या नातेवाइकांना विचारलं गेलं: ते कोणत्या विहिरीचं पाणी प्यायचे, किती वर्षं? मग तीच माहिती त्याच भागातल्या इतर लोकांकडून घेऊन ताडून पाहिली. जितकी जास्त वर्षं ते पाणी पोटात गेलं, तितका धोका वाढलेला दिसला. पिण्याच्या पाण्यातल्या आर्सेनिकची मर्यादा अनेक देशांत लिटरला ५० वरून १० मायक्रोग्रॅमवर आली, त्यामागे तैवानमधल्या अशा अभ्यासांचा मोठा आधार आहे. पश्चिम बंगालमध्ये आजही लाखो लोक अशाच पाण्याशी झगडतात, हे लक्षात घेतलं की या कामाचं मोल कळतं. ऑपरेशन थिएटरमध्ये पाऊलही न टाकता माणसं वाचवता येतात, ती अशी.

राजकारण त्यांच्या वाट्याला आलं ते या विद्येपायी. २००३ मध्ये सार्सच्या साथीने तैपेईतलं एक रुग्णालय आतल्या माणसांसकट बंद करावं लागलं, आरोग्यमंत्र्यांनी राजीनामा दिला आणि ऐन साथीत ती जबाबदारी चेन यांच्याकडे आली. तेव्हा ते ५१ वर्षांचे होते. उपराष्ट्राध्यक्षपदी निवडून आले तेही अपक्ष म्हणून. सत्ताधारी पक्षाचं सदस्यत्व त्यांनी घेतलं २०२२ मध्ये, सत्तरी ओलांडल्यावर! मला सगळ्यात भावतं ते मधलं वळण. २०२० मध्ये मुदत संपल्यावर माजी उपराष्ट्राध्यक्षाला मिळणाऱ्या सवलती सोडून ते अकॅडेमिया सिनिका या संस्थेत पुन्हा संशोधनाला गेले. पद गेल्यावर परत जायला ज्याच्याकडे स्वतःचा विषय असतो, त्याला पद गमावण्याची भीती वाटत नाही.

आता आपल्या मुलांचं. सार्वजनिक आरोग्याचा पदव्युत्तर अभ्यासक्रम मुंबईत टाटा सामाजिक विज्ञान संस्थेत आणि सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठात आहे. आकडेवारीची आवड असेल तर देवनारची लोकसंख्या विज्ञान संस्था बघा. पात्रतेच्या अटी त्या वर्षीच्या माहितीपत्रकातूनच तपासा, शेजाऱ्यांना विचारून नव्हे. पगार सुरुवातीला डॉक्टरइतका नसतो, बरीच कामं प्रकल्पापुरती कंत्राटी असतात. हे मुलाशी मोकळेपणी बोला. आणि बायोलॉजी घेणाऱ्या मुलांना गणित अकरावीतच सोडायला लावायची घाई करू नका. विहिरी, वर्षं आणि मृत्यू यांचा हिशेब मांडायला संख्याशास्त्र लागतं. ज्यांनी ते आधीच सोडलंय, त्यांनी बीएस्सीला संख्याशास्त्राचा एखादा पेपर मिळतो का, हे प्रवेश घेतानाच कॉलेजात विचारावं.